मेलेल्या भावाची चौकशी

११ जानेवारी

ही डायरी कंपनीच्या सेफ्टीवाल्यानं वाटली. बाकीच्यांनी पानं फाडून रोटीखाली घेतली. मी लिहायला घेतली, कारण फोनमधलं सगळं खोलीतला राधेश्याम वाचतो. माझं अक्षर मात्र कुणालाच लागत न्हाई. सातवीत गुरुजी म्हणले होते, "सांडू, तुझा पेपर आता तूच तपास बाबा." त्याच साली माझी शाळा सुटली.

जैसलमेरच्या बी पुढं, वाळूत, सोलरच्या प्लेटा बसवायचं काम करून राह्यलो. आधी सुरतला होतो, मंग मोरबीला. एका जागी बूड टिकत न्हाई. मामी म्हणते, तुझ्या पायाला चाकं हायेत.

मामी म्हंजे माझी मायच. आसराबाई. आम्ही मायलेकरं धावड्याला आत्याच्या घरी राहतो, मी तिथंच वाढलो. आत्याची पोरं तिला मामी म्हणायची, तीच सवय मला लागली. असं सांगतात.

आज तिचा फोन आल्ता. रोजच येतो. दुसऱ्यांच्या माया इचारतात, जेवला का. माझी इचारते, "घास उतरला का?" खोलीतली पोरं हसतात. उतरला म्हणलं. ठेवायच्या आधी हळूच म्हणली, "एक डॉक्टरीण चौकशीला आल्ती. तुला कुणाचा फोन आला तर तू काई बोलू नको."

"कशाची चौकशी?"

फोन कट.

१२ जानेवारी

मामी सांगत न्हाई म्हून आत्याला फोन लावला. चतुराबाईच्या पोटात काई राहत न्हाई, हे सगळ्या धावड्याला ठाऊक हाये. पण आज तिला बी उकलावं लागलं.

"अरे, ती म्हणती, रामेश्वर कसा गेला ते सांगा. दूध पीत होता का, उलटी झाली का, ताप आल्ता का."

रामेश्वर माझा मोठा भाऊ. माझ्या आधी झाला आन् तान्हाच गेला. त्याच्या आधीची दोन बी गेली. मंग मी झालो, म्हून माझं नाव असं टाकाऊ ठेवलं. रामेश्वरचं नाव घरात कुणी काढत न्हाई. एकदा मी चौथीत असताना काढलं, तर मामीनं उलथनं फेकून मारलं होतं.

आत्याला म्हणलं, "इतक्या सालांनी? इतक्या सालांनी मेलेलं पोर कसं मेलं हे इचारायला औरंगाबादहून गाडी करून येते?"

"व्हय. जुन्या कागदावर माझं गाव सापडलं म्हणती. म्हातारी हाये रे. चांगली वाटली. चहा बी प्याली."

चांगली वाटली! शेजाऱ्याची शेळी मेली तर दुसऱ्या दिवशी कुणी इचारत न्हाई. ज्यानं काई केलंय तोच मागं वळून बघतो. बिलकुल.

१९ जानेवारी

राधेश्यामला सांगितलं. न्हाई सांगायला पाहिजे होतं. तो तीर्थपुरीचा, बारावी पास, आन् दिवसभर फोनवर काई ना काई बघून राह्यतो. त्याला प्रत्येक गोष्टीच्या मागची गोष्ट ठाऊक असते.

आज टाकीवर अंघोळ करताना त्यानं माझी पाठ बघितली. उजव्या बगलेखालून पाठीकडं गेलेली लांब खूण हाये माझी. लहानपणी मेंढ्यानं शिंग मारलं होतं. वडील होते, त्यांची मेंढरं होती तवा.

"हे शिंग?" राधेश्याम म्हणला. "येड्या, इथूनच किडनी काढतात."

"गप रे."

"दोन्ही भाऊ गेले असतील दवाखान्यात. एक मेला, तुझं हे काढलं. आता ती म्हातारी पुरावा मिटवायला फिरून राह्यली."

मी त्याला मगानं पाणी मारलं. पण नंतर जेवताना सारखा हात तिकडंच जात होता. जेवताना मला प्रत्येक घासाला घोटभर पाणी लागतं. न्हाई तर घास छातीत बसतो. पोरं मला टँकर म्हणतात. राधेश्याम सगळ्यांसमोर म्हणला, "एक किडनी असली की पाणी जास्ती लागतं." सगळे हसले. मी बी हसलो. पण जेवण गेलं न्हाई.

२३ जानेवारी

आत्यानं नाव इचारून ठेवलं होतं. डॉ. वंदना सातोनकर. लहान लेकरांचं ऑपरेशन करणारी. आता रिटायर.

राधेश्यामनं फोनवर नाव टाकलं तर ही लांब रांग निघाली. सगळे पेपर.

"वर्तमानपत्रात येते का ती?"

"हे तसले पेपर न्हाईत. डॉक्टर लोक काय केलं ते लिव्हतात. दुसरे डॉक्टर ते वाचतात आन् तसंच करतात. खाली आपल्या पेपरात लिव्हतात, की हे आम्ही सातोनकर बाईचं वाचून केलं. जितके लिव्हतील तितकी हिची किंमत मोठी." त्यानं बोट वर वर सरकवलं. "बघ, ब्राझील. बघ, बांगलादेश. बघ, इथोपिया. तुझी डॉक्टरीण लई मोठी हाये, टँकर."

सगळ्यात जुना पेपर त्यानं मराठीत करून घेतला. फोननं केलेली मराठी म्हंजे दगड खाल्ल्यासारखी. पण समजलं ते असं. काही लेकरं जन्मतात तेव्हा त्यांची अन्ननळी मधीच तुटलेली असते. दूध पोटात जातच न्हाई, तोंडाला फेस येतो. डॉक्टरणीनं श्वासाचं मशीन नसताना छाती उघडून ती नळी जोडली. मंग मशीनच्या जागी आयांना बसवलं. लेकरू छातीशी उभं धरायचं, आडवं करायचं न्हाई, माय थकली की दुसऱ्या लेकराच्या मायनं धरायचं. अशी सात लेकरं.

"आता हे ऐक," राधेश्याम म्हणला. "पाचवं बाळ. घनसावंगी तालुका. मेंढपाळ कुटुंब. घरी गेल्यावर दगावले. बहुतेक शिवण सुटल्यामुळे."

वडील तेव्हा जांब समर्थच्या बाजूला एका गावात होते. घनसावंगी तालुकाच तो. हा रामेश्वर.

मी म्हणलं, "बहुतेक म्हंजे?"

"म्हंजे असंल."

"असंल? बघितलं न्हाई आन् लिव्हलं? आन् ते ब्राझीलपर्यंत गेलं?"

राधेश्यामनं फोन खिशात घातला. मला फक्त इतकं कळलं, की माझा भाऊ मेला आन् त्याच्यावर हिचं नाव झालं.

२ फेब्रुवारी

आज डॉक्टरणीला फोन केला. राधेश्यामनं दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

मी आधी आवाज मोठा केला. "मी धावड्याहून बोलतो. आमच्या घरी कामून येता तुम्ही?"

"आपण कोण?" आवाज म्हातारा, पण सरळ.

"रामेश्वरचा भाऊ."

मंग म्हणली, "धाकटे का?"

"व्हय. सांडू."

"तुमचा जन्म कुठं झाला, सांडू? घरी की दवाखान्यात?"

हिला माझ्या जन्माचं काय करायचं? मी म्हणलं, "ते सोडा. माझ्या मायला त्रास देऊ नका. न्हाई तर पोलिसात जाईन."

"जा हवं तर. मी पण येते सोबत." रागानं न्हाई, खरंच यायला तयार असल्यासारखं म्हणली. "मला एवढंच जाणून घ्यायचं आहे, ते बाळ माझ्या चुकीनं गेलं का. माझी एक विद्यार्थिनी आहे, तिनं मला सरळ विचारलं, मॅडम, पाचवं बाळ गेलेलं कुणी पाहिलं? मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या आईला फक्त विचारा..."

मी ठेवला.

राधेश्याम उड्या मारून राह्यला. "चूक म्हणली! कबूल केलं! रेकॉर्डिंग हाये!"

व्हय. चूक म्हणली. पण चोर इतक्या जल्दी चूक कबूल करतो का? हेच कळंना.

१० फेब्रुवारी

मामीला म्हणलं, होळीला सुट्टी मिळाली तर येतो.

"येऊ नको."

आजपर्यंत हिनं मला येऊ नको कधी म्हणलं न्हाई. दरवेळी म्हणते, एक दिवस तरी ये, ताक प्यायला तरी ये. आता म्हणते, तिकडंच राहा, ती डॉक्टरीण फिरून राह्यली तोवर गावाला पाय लावू नको. नाव बदलून राहता येतं का तिकडं, असं बी इचारलं.

"मामी, मी काय चोरी केली का?"

"जेवत जा. घाई करू नको जेवताना," म्हणली आन् ठेवला.

राधेश्यामला सांगितलं न्हाई. तरी त्याला कळलं. भिंती पत्र्याच्या हायेत. म्हणला, "टँकर, वाईट वाटून घेऊ नको. पण भाऊ मेलाच कशावरून? पोर नसलेली माणसं दवाखान्यात घिरट्या घालत असतात. मायबाप गरीब, मेंढ्यामागं फिरणारे. दिलं असंल कुणाला. डॉक्टरणीनं कागदावर मेला लिव्हलं. आता तो पोरगा मोठा होऊन मूळ शोधत असंल, म्हून हिची धावपळ."

त्याच्या अंगावर धावून गेलो. पोरांनी सोडवलं.

पण डोक्यात बसलं ते बसलं.

१२ फेब्रुवारी

इचारलं. "मामी, रामेश्वरला कुठं पुरलं?"

लई वेळ नुसता वारा ऐकू आला. मंग म्हणली, "ते नाव घेऊ नको. तुझ्या तोंडानं तर बिलकुल घेऊ नको."

फोन कट. आज घास उतरला का, हे बी इचारलं न्हाई.

२० फेब्रुवारी

मामीचा फोन न्हाई. आत्या म्हणते, कामाला जात न्हाई, धड जेवत न्हाई, दाराची कडी वाजली की उठून बसते. "तू काय इचारलं रे तिला?"

"खरं ते."

"खरं तुला काय ठाऊक, सांड्या," आत्या म्हणली. तिचा आवाज कसा तरीच झाला होता. सगळ्यांना काई ना काई ठाऊक हाये. मलाच न्हाई.

३ मार्च

आज बाटली खोलीवर राह्यली. साइटवर रोटी-भाजीचा दुसराच घास छातीत बसला. ना वर, ना खाली. डोळ्यातून पाणी. राधेश्यामच पळत गेला आन् सेफ्टीवाल्याची बाटली घेऊन आला. पाठीवर थापटत म्हणला, "मरू नको बे, मला एकट्याला इथं करमत न्हाई." भांडण मिटलं.

१४ मार्च

धुळवड. वाळूत कसला रंग. सुट्टीचा अर्ज टाकला. घरी सांगितलं न्हाई.

२७ मार्च

जालन्याला उतरून धावड्याकडं न जाता उलट घनसावंगीकडं गेलो. आधी बाहेरून माहिती काढायची, मंग घरात जायचं, हे मीच ठरवलं होतं.

वडील ज्या गावात मेंढरं बसवायचे तिथं पुंजाराम म्हून म्हातारा हाये. पारावर बसला होता. राम नवमीच्या आधीच जांबला माणसं यायला लागलीत, तर त्याला वाटलं मी पण दर्शनाला आलोय. बद्रीनाथ मेंढ्यावाल्याचा पोरगा म्हणल्यावर त्यानं मला खालीवर बघितलं.

"बद्रीनाथला पोरगं राह्यलं?"

"मी धाकटा. मोठा रामेश्वर. तो कसा गेला, बाबा?"

"ते दवाखान्यातलं? अरे, ते तर चांगलं होतं. आसराबाई त्याला असं उभं छातीशी बांधून फिरायची. पाणी भरायला जायची तरी उभंच. बाया हसायच्या. खोकायचं मोठ्यानं, कुत्रं भुंकल्यासारखं. पण अंग धरलं होतं. मंग एका दिवशी मेंढरं, बिऱ्हाड, सगळं उचलून गेले. मंग कुणी तरी म्हणलं, पोरगं गेलं."

"मातीला कोण गेल्तं?"

त्यानं आठवून बघितलं. "कुणीच गेल्तं न्हाई. आम्हाला कुणी बोलावलंच न्हाई."

चांगलं होतं. अंग धरलं होतं. मातीला कुणी न्हाई. राधेश्याम, तुझं तोंड काळं होवो, तू बराबर बोलला होता.

२८ मार्च

धावडा. मामी अंगणात गहू निवडत होती. मला बघून तिच्या हातातलं सूप पडलं. लोकांच्या माया पोरगं अचानक आलं की हसतात.

मी चप्पल बी काढली न्हाई. "पुंजाराम म्हणला पोरगं चांगलं होतं. कुणाला दिलं त्याला?"

ती सांडलेला गहू गोळा करायला लागली.

"कुणाला दिलं, मामी? तो जिवंत हाये ना?"

आत्या घरातून धावत आली. "सांड्या! तोंड सांभाळ!"

"तूच सांग मंग. तुला बी ठाऊक हाये."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मामी गव्हात हात घालून बसून राह्यली. मंग फक्त इतकं म्हणली, "जेवला का?"

पहिल्यांदाच असं इचारलं तिनं, दुसऱ्यांच्या मायांसारखं. मला त्याचाच जास्ती राग आला. घराबाहेर येऊन डॉक्टरणीला फोन लावला. म्हणलं, परवा पाडवा हाये, या. सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्या.

३० मार्च, पाडवा

आज लिव्हवत न्हाई.

३१ मार्च

आता लिव्हतो. जसं झालं तसं.

डॉक्टरीण एकटीच आली, ड्रायव्हर गाडीत बसला. बारीक, पांढऱ्या केसांची, सुती साडी. गुढीला हात जोडले. मामी चुलीपुढून उठलीच न्हाई, पाठ करून पुरणपोळ्या लाटत राह्यली. सणाच्या दिवशी दारात आलेल्याला जेवू घातल्याशिवाय आत्या सोडत न्हाई, मंग ते दुश्मन का असंना. तिनं डॉक्टरणीला आन् मला समोरासमोर ताटावर बसवलं.

मी म्हणलं, "जेवण नंतर. आधी सांगा, रामेश्वर कुठंय."

डॉक्टरीण गोंधळली. "ते मीच विचारायला आले आहे. तो गेला, असं तुमच्या आईनं आमच्या माणसाला सांगितलं. आम्ही त्याला तपासणीला बोलवायला माणूस पाठवला होता. दारात उभं राहून त्यानं पुकारा केला, तेव्हा."

"आन् तुम्ही 'बहुतेक' लिव्हून मोकळ्या झाल्या."

ती माझ्याकडं बघत राह्यली. "तुम्ही वाचलंय?"

"मित्रानं वाचून दाखवलं."

"तो शब्द मला फार वर्षं टोचतोय," ती म्हणली.

तोवर आत्या दोघांच्या मधी उभी. "पोळी गार होऊन राह्यली. भांडायचं तर खाऊन भांडा." मी रागारागानं घास घेतला, वर घोटभर पाणी. घास, पाणी. घास, पाणी. चौथ्या का पाचव्या घासाला ध्यान गेलं, की डॉक्टरणीचा हात ताटावर तसाच राह्यलाय. ती माझ्या गळ्याकडं बघून राह्यली होती.

"प्रत्येक घासाला पाणी लागतं?"

मला वाटलं हिला कुणी सांगितलं. "कोण म्हणलं?"

"कोरडी भाकर अडकते? लहानपणी खोकला होता, मोठ्या आवाजाचा?"

चुलीपुढचं लाटणं थांबलं.

"सांडू," डॉक्टरीण म्हणली, "शर्ट वर करून पाठ दाखवता का?"

"मेंढ्यानं शिंग मारलेलं हाये."

तरी दाखवली. का दाखवली ठाऊक न्हाई. ती मागं येऊन बसली. तिचं बोट त्या खुणेवरून गेलं, थांबत थांबत, अंधारात जिन्याच्या पायऱ्या चाचपत उतरावं तसं.

"मेंढा असे टाके घालत नाही," ती म्हणली. मंग आवाज घाबरा झाला. "हा धाकटा नाही. हाच तो. हा राम..."

मामी कशी आली ते दिसलंच न्हाई. तिनं डॉक्टरणीचं तोंड हातानं दाबलं. पिठाचा हात. "न्हाई! त्या नावानं हाक मारू नका, बाई! तुमच्या पाया पडते!"

गुढीवरची गाठी वाऱ्यानं काठीला आपटत होती, तेवढाच आवाज.

शेवटी आत्या बोलली. तिला बोलायचा हक्क होता, असं तीच म्हणली. "दोन गेल्ती हिची. चांगली नावं ठेवलेली. तिसरं दवाखान्यातून हातात आलं, आन् त्याला बी चांगलंच नाव. सगळ्यांनी म्हणलं, हे बी जाईल, त्याचं नाव वर यमाला ठाऊक झालंय. मंग माझ्याइथं आणलं. सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, हिनं पाठ फिरवली. मी उचललं. सूपभर कोंडा देऊन विकत घेतलं. तवापासून ते हिचं न्हाई, माझं. सांडू. हिला मामी म्हणायला लावलं ते मीच. सामान न्यायला हे लोक माघारी घनसावंगीकडं गेले, आन् त्याच दिवशी तुमचा माणूस दारात. जुनं नाव, बापाचं नाव, सगळं घेऊन हाका मारत. काय म्हणणार होती ही? म्हणली, गेला."

पोरगं विकलं म्हून मी घरी आल्तो. विकलंच होतं. पण मलाच.

मी बसूनच राह्यलो. मी लहानपणापासून ज्या भावाचा राग करत होतो, की त्याच्या नावापायी मामीनं मला उलथनं मारलं, तो बी मीच. डोकं चालंना.

डॉक्टरणीच्या तोंडावर पीठ तसंच होतं. ती हसायला लागली. हसता हसता पाणी मागितलं, आन् पाण्याचा पेला हातात घेऊन बसली, प्याली न्हाई. मंग तिचं हसू कुठं तरी गेलं.

"आसराबाई, मला वाटलं माझी शिवण सुटली," ती म्हणली. "बाळाला तोंडानं लवकर दूध दिलं म्हणून सुटली. त्यानंतर मी प्रत्येक बाळाच्या पोटाला भोक पाडून नळी घातली. आधी पोटातून दूध, मग बऱ्याच दिवसांनी तोंडानं. दुसरे डॉक्टर म्हणायचे, इतकं नको, बाळाला उगाच एक जखम. मी त्यांच्याशी भांडायचे. म्हणायचे, माझं पाचवं बाळ गेलंय. मी लिहिलं, लोकांनी वाचलं, आणि त्यांनीही भोकं पाडली."

"किती लेकरांच्या पोटाला?" मामीनं इचारलं.

"माझ्या हातानं शंभरच्या वर. बाहेरच्यांचं मला माहीत नाही."

मामी खाली बसली. पदर तोंडाला लावला, मंग काढला. "मला वाटलं, मी यमाशी खोटं बोलले," ती म्हणली. "तुम्ही बी ऐकून राह्यल्या होत्या, हे ठाऊक न्हव्हतं, बाई."

डॉक्टरणीनं तिचा हात धरला. "मीच बघायला यायला हवं होतं. माणूस पाठवला."

दोघी तशाच बसल्या. मला वाटलं होतं कुणी तरी एक जण खोटं निघंल. कुणाला धरावं, हेच कळंना. मंग मी पोळी खाल्ली. भूक लागली होती.

नंतर खरी अडचण निघाली. डॉक्टरीण म्हणली, हे आता लिहावं लागेल. चूक झाली, बाळ जिवंत आहे, असं. मामी एकदम ताठ. "न्हाई. मेलाच राहू द्या तिथं."

"आसराबाई, अजून कुणी तरी ते वाचून भोक पाडत असेल."

मामीनं हाताचं पीठ पदराला पुसलं. मंग इचारलं, "नाव लिव्हावं लागतं?"

"नाही. नाव कुणाचंच नसतं. पाचवं बाळ, एवढंच."

"गाव?"

"तेही काढून टाकते."

मामीनं आत्याकडं बघितलं. आत्या म्हणली, "नंबरानं त्याला काय कळणार? त्याला इतकी लेकरं मोजायची असतात." तो म्हंजे वरचा. "आन् बाई, पोर मी विकत घेतलंय, तर परवानगी माझी लागंल. अंगठा कुठं देऊ?"

"सही याची लागेल," डॉक्टरीण म्हणली. "तो आता मोठा आहे."

तिघी माझ्याकडं बघायला लागल्या. डॉक्टरणीनं तिथंच कागद लिव्हला, मी म्हणलं, दोनदा वाचून दाखवा. तिनं दाखवला. मी म्हणलं, "यात बहुतेक न्हाई पाहिजे. बघितलं तेवढंच लिव्हा."

"मग दाखव," ती म्हणली. आता मला तू म्हणली. पिशवीतून कानाला लावायची नळी काढली, छातीवर ठेवली आन् भाकरीचा कोरडा घास दिला. मी गिळला. तो छातीत बसला. तिनं बोटानं थांब म्हणलं. घास हळू हळू, अडत अडत खाली गेला. मामी तोवर श्वास धरून उभी होती.

"उतरला," डॉक्टरीण म्हणली.

मामीनं मोठा श्वास सोडला. मला हा श्वास ठाऊक हाये. रोज फोनवर उतरला म्हणलं, की तिकडून असाच आवाज येतो. मला वाटायचं वारा हाये.

१३ एप्रिल

परत वाळूत. राधेश्यामला सगळं सांगितलं. तो निम्मा दिवस गप होता, त्याचा हा विक्रमच. मंग म्हणला, "पण किडनीचं डॉक्टरणीनं खात्रीनं सांगितलं का?" मी म्हणलं, दोन्ही हायेत, सोनोग्राफी करून घेतली. "रिपोर्ट खरा कशावरून?" म्हणला. त्याच्यात काई फरक पडत न्हाई.

९ मे

डॉक्टरणीनं पाठवलं. राधेश्यामनं मराठीत केलं: पाचवे बाळ दगावलेले नाही. ते प्रौढ असून दूरच्या राज्यात काम करते. कोरडे अन्न पाण्यासह गिळते. मृत्यू झाल्याचे आम्ही स्वतः पाहिले नव्हते, तरी तसे लिहिले. त्यावर आधारलेला पोटातील नळीचा सल्ला आम्ही मागे घेत आहोत.

"ब्राझीलवाले आता काय म्हणतील?" राधेश्याम.

"मला काय ठाऊक. त्यांनी बी जाऊन बघावं."

जेवताना मामीचा फोन आला. "घास उतरला का?"

तोंडात रोटी होती. पाणी प्यालो, थांबलो. मंग म्हणलं, "उतरला, माय."

तिकडं नुसता वारा. मंग एकदम ओरडली, "मामी म्हण, गाढवा! कुणी ऐकलं म्हंजे?"

"उतरला, मामी."

असल्या कशावर माझा विश्वास न्हाई. नावानं काय होतंय. पण आज जेवण झाल्यावर मागची सगळी पानं काढली आन् ते जुनं नाव जिथं जिथं लिव्हलं होतं तिथं तिथं खोडलं. उगं कशाला. सेफ्टीवाल्याची पेन्सिल होती, खालचं अजून वाचता येऊन राह्यलंय. उद्या काळा पेन आणतो.